कॉलेजच्या खोलीत गाणं ऐकायचंय: कमी पैशांतल्या स्पीकरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं वसतिगृहात, कॉट बेसिसवर किंवा दोघातिघांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत राहणाऱ्यांसाठी आहेत. खोली साधारण दहा बाय बारा फुटांची, त्यात दोन कॉट, एक-दोन टेबलं, लोखंडी कपाट आणि भिंतीत मोजून दोन प्लग, असं धरून लिहिलं आहे. हॉल मोठा असेल किंवा स्पीकर गच्चीवरच्या कार्यक्रमासाठी हवा असेल, तर यातलं बरंचसं लागू पडणार नाही.

किती वॅटचा स्पीकर घ्यावा?

हा प्रश्न सगळे सर्वांत आधी विचारतात. माझं म्हणणं आहे की तो सर्वांत शेवटी विचारावा. टेबलावर ठेवायचा साधा स्पीकर १ वॅट दिला की १ मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. कारखान्यात एवढ्या आवाजात दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त काम करू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे तीन फुटांवर बसून ऐकणाऱ्याला एक-दोन वॅट बहुतेक वेळ पुरतात. वरचे वॅट ढोलकीच्या अचानक पडणाऱ्या थापेसाठी राखीव असतात.

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. २० वॅटचा सोडून ४० वॅटचा घेतला, तर फरक जेमतेम जाणवेल.

खोक्यावर ‘पीएमपीओ’ (म्हणे क्षणभराची कमाल ताकद) लिहिलेला आकडा वाचूच नका. तो मोजायची सर्वमान्य पद्धत नाही, त्यामुळे दहा वॅटच्या डब्यावरही हजारांचे आकडे छापलेले दिसतात. ‘आरएमएस’ (म्हणजे सलग देता येणारी ताकद) लिहिलं असेल तेवढंच धरा. कुठेच लिहिलं नसेल, तर ती वस्तू खाली ठेवा.

मग पैसे कशावर घालायचे?

दोन स्वतंत्र स्पीकर्सच्या चांगल्या जोडीवर. छोट्या खोलीत तुम्ही स्पीकरच्या जवळ बसता आणि हीच तुमची खरी मिळकत आहे. मोठा आवाज काढायला लागणारे पैसे वाचतात, ते स्वच्छ आवाजावर घालता येतात. डावा-उजवा वेगळा असला की गायिका मधोमध, तबला एका बाजूला, हार्मोनियम दुसऱ्या बाजूला असं चित्र समोर उभं राहतं. एकाच डब्यातून येणाऱ्या आवाजात ते नसतं, मग तो डबा कितीही दमदार असो.

जोडी घेतली की दुसरं काम जागेचं. ते फुकट आहे आणि त्याने पडणारा फरक पुढच्या किमतीचा स्पीकर घेऊन पडणाऱ्या फरकाहून बऱ्याचदा मोठा असतो. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

एकच ब्लूटूथ स्पीकर घेतला तर चालणार नाही का?

फिरतं आयुष्य असेल, दर सहा महिन्यांनी खोली बदलत असेल किंवा आंघोळीला जाताना गाणं लावायचं असेल, तर चालेल. पण त्याच किमतीत तारेने जोडायची जोडी आवाजात पुढे असते, कारण ब्लूटूथ स्पीकरचे पैसे बॅटरी, पाण्यापासून बचाव आणि सुटसुटीतपणा यांत वाटले जातात. छोट्या स्पीकर्सपैकी बहुतेकांत एकच ध्वनियंत्र (ड्रायव्हर, म्हणजे डब्यातला प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग) असतं, त्यामुळे डावं-उजवं एकत्र होऊन येतं. काही मॉडेलांत सारखे दोन स्पीकर जोडी म्हणून चालतात. खोलीतल्या पार्टनरकडेही तोच स्पीकर असेल तर हा प्रयोग जरूर करा.

बॅटरीही दोन-तीन वर्षांत दमते आणि ती बदलून देणारे सहज सापडत नाहीत. खोलीतच राहणार असेल, तर प्लगवर चालणारी वस्तू जास्त टिकते.

आणि ब्लूटूथ स्पीकर घेतलाच, तर तो गडावर नेऊ नका. सिंहगडावर काय, राजगडावर काय, वारा आणि पाखरं ऐकायला आलेल्या माणसावर आपलं गाणं लादणं बरं नव्हे.

२.१ चा होम थिएटर घेऊ की नुसती जोडी?

‘२.१’ म्हणजे दोन लहान स्पीकर आणि बेससाठी एक वेगळा डबा, म्हणजे सबवूफर. चांगल्या प्रतीचा २.१ उत्तमच असतो. अडचण स्वस्तातल्या संचांत आहे. त्यांतले दोन छोटे स्पीकर इतके लहान असतात की त्यांना मधला भरदार आवाज काढता येत नाही. सबवूफर खालचा वाजवतो, छोटे वरचा वाजवतात आणि मध्ये, नेमका जिथे माणसाचा गळा असतो तिथे, खड्डा पडतो. मग गाण्यात धडधड आणि चरचर असते, गाणारा मात्र लांब गेल्यासारखा वाटतो.

वसतिगृहात आणखी एक गोष्ट. भिंती आणि स्लॅब वरच्या सुरांचा बारीक आवाज बऱ्यापैकी अडवतात, बेसचा अडवत नाहीत. तुम्हाला गाणं ऐकू येतं, खालच्या मजल्यावरच्याला नुसती धडधड. तक्रारी त्याच्याच येतात.

म्हणून पाच हजारांच्या आत माझी पसंती नुसत्या जोडीला. बेसचं वेड खरंच असेल, तर २.१ घ्या, पण सबवूफरचं वेगळं बटण आहे का ते बघा आणि डब्याखाली जाड फोमचा तुकडा ठेवा.

माझ्याकडे दोन हजार आहेत. काय येईल?

यूएसबीवर चालणारी छोटी जोडी. लॅपटॉप किंवा मोबाइलच्या चार्जरवर चालते, वेगळा प्लग अडवत नाही. या गटात क्रिएटिव्ह कंपनीची पेबल ही जोडी बरीच वर्षं टिकून आहे. तिची ध्वनियंत्रं ४५ अंशांत वर वळवलेली आहेत, त्यामुळे टेबलावर ठेवली तरी आवाज छातीवर न आदळता कानाकडे येतो. तिची मर्यादाही कंपनीनेच सांगितली आहे: खालची हद्द १०० हर्ट्झ. त्याखालचा बेस तिच्याकडून मागू नये. शब्द, सूर, पॉडकास्ट, लेक्चरं मात्र छान ऐकू येतात.

आणि चार-पाच हजार असतील तर?

इथे जरा विचित्र परिस्थिती आहे. या किमतीत दिव्यांचे, रिमोटचे, एफएमचे, पेनड्राइव्हचे संच खूप आहेत, पण नुसत्या आवाजावर मेहनत घेतलेले कमी. दोन रस्ते मला पटतात. एक, तीन-साडेतीन इंची ध्वनियंत्र असलेली, प्लगवर चालणारी साधी जोडी शोधायची. दुसरा, एखादं सत्र थांबून पैसे साठवायचे आणि पुढच्या पायरीवर जायचं. तोवर बरे इयरफोन आहेतच.

आठ-दहा हजार जमले तर?

मग चार इंची वूफर (खालचे सूर वाजवणारं ध्वनियंत्र) आणि वर वेगळा छोटा ट्वीटर (बारीक सूर वाजवणारं) असलेली, आतच अॅम्प्लिफायर बसवलेली लाकडी जोडी. एडिफायरची आर१२८०टी ही या गटातली ओळखीची जोडी आहे. दोन्ही मिळून ४२ वॅट आरएमएस, मागे आरसीएच्या (लाल-पांढऱ्या गोल पिनांच्या) जोडण्यांच्या दोन जोड्या, बाजूला बेस आणि ट्रेबलची बटणं. आर१२८०डीबीमध्ये ब्लूटूथही आहे. स्टुडिओत वापरतात तसल्या छोट्या मॉनिटरांपैकी प्रिसोनसच्या साडेतीन इंची एरिसचाही विचार करा, विशेषतः तुम्ही स्वतः गाणी रेकॉर्ड करत असाल तर. किमती सणासुदीला बऱ्याच हलतात. दसरा-दिवाळीच्या आगेमागे घेतलं तर हजार-पाचशे वाचू शकतात.

यापुढे खोलीच आवाजाला अडवू लागते, म्हणून कॉलेजच्या काळात इथे थांबणं शहाणपणाचं.

दुकानात ऐकताना नेमकं काय ऐकायचं?

दुकानदार लावतो ते गाणं ऐकू नका. ते त्या स्पीकरवर छान वाजतं म्हणूनच त्याने निवडलेलं असतं. स्वतःच्या फोनमध्ये चार-पाच ओळखीचे तुकडे उतरवून न्या, तेही चांगल्या प्रतीत. माझ्या मते आपल्या संगीतात स्पीकर पारखण्यासाठी लागणारं सगळं आहे.

आधी तानपुरा. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३८ हर्ट्झवर असतो, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या जवळ. दोन इंची स्पीकर तो मूळ सूर वाजवूच शकत नाही. तरीही खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण वरचे उपस्वर ऐकून आपला मेंदू खालचा सूर भरून काढतो. चार इंची जोडीवर तीच तार ऐकली की फरक कळतो: खर्ज आता पोटात जाणवतो. त्याच तानपुऱ्याची जवारी, ती झंकारणारी रेशमी किनार, ट्वीटरची परीक्षा घेते. ती पत्र्यासारखी करकरली, तर तो स्पीकर तासाभरात कान दुखवणार.

मग तबला. डग्ग्यावर तळहात सरकवून काढलेली मींड ऐका. सूर वर चढत जाताना सलग ऐकू आला पाहिजे. एखाद्या ठिकाणी तो एकदम फुगला आणि पुढे गायब झाला, तर त्या डब्याने बेस खोटा फुगवलेला आहे. लावणीतल्या ढोलकीची चाट टोकदार यायला हवी. ती बोथट आली की समजा, स्पीकर सुस्त आहे.

शेवटी नुसता गळा. बाईचा एक आणि पुरुषाचा एक. अभंग असो, भावगीत असो, नाट्यपद असो, ‘स’ आणि ‘श’ टोचतात का ते बघा. गायिका दोन स्पीकर्सच्या बरोबर मध्ये उभी राहते का ते बघा. डोळे मिटून बोट दाखवता आलं पाहिजे.

दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला सांगा. किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि याच एका गोष्टीमुळे पुष्कळ चुकीची खरेदी होते.

कुठे जाऊन ऐकू?

पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि आजूबाजूची दुकानं, मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. दोन्हीकडे सुट्टे भाग, वायरी, जोडण्या भरपूर मिळतात आणि भावही करता येतो. गर्दीच्या दुकानात स्पीकर नीट ऐकणं मात्र अवघड जातं. सकाळी दुकान उघडताना जा. तुमच्या शहरात ऐकायला मिळणारच नसेल, तर ऑनलाइन घ्या, पण परत घेण्याची मुदत वाचून घ्या आणि खोकं उघडताना मोबाइलवर चित्रण करा.

आणल्यावर कुठे ठेवायचे?

इथे वेळ घालवा. रविवारची एक सकाळ पुरते.

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा. टेबलावर दोघांत तीन-साडेतीन फूट अंतर, आणि तुम्हीही साधारण तेवढ्याच लांब. दोन्हींची तोंडं थोडी आत, तुमच्याकडे वळलेली. ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा. टेबल खाली असेल, तर स्पीकरखाली जाड पुस्तकं ठेवा आणि पुढची कड किंचित उचला. अभियांत्रिकीवाल्यांकडे जाड पुस्तकांची कमी नसते.

मागची भिंत जवळ असली की बेस वाढतो, कोपऱ्यात तर दोन भिंती मिळून आणखी वाढवतात. छोट्या जोडीला भिंतीचा हा आधार फायद्याचा ठरतो, तिला भिंतीला टेकवायला हरकत नाही. मोठ्या जोडीला मागे हवेचं भोक असेल, तर आठ-दहा इंच जागा सोडा, नाहीतर आवाज घुसमटतो.

आता बसायची जागा. प्रत्येक खोलीला स्वतःचे काही सूर असतात. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत बाराच्या अंगाने सुमारे ४७ हर्ट्झ आणि दहाच्या अंगाने ५६ हर्ट्झ. छतही दहा फुटांवर असेल तर ५६ चा सूर दोन बाजूंनी भर घालतो. हे सूर भिंतींशी फुगतात आणि खोलीच्या मधोमध नाहीसे होतात. म्हणून एकच गाणं कॉटवर पडून ऐकलं तर ढमढमतं आणि खोलीच्या मध्ये उभं राहून ऐकलं तर पोकळ लागतं. स्पीकर सदोष नसतो. खुर्ची एक फूट पुढे-मागे सरकवत ऐका. बेस सपाट आणि मोकळा लागेल ती जागा खडूने जमिनीवर आखून ठेवा.

एक स्पीकर टेबलावर आणि दुसरा कपाटावर, असं कधीही करू नका. तसं केलं तर जोडी घेतल्याचा उपयोगच संपतो.

आमची खोली फार घुमते. काय करू?

खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. मागोमाग ‘टर्रर्र’ असा आवाज आला, तर उघड्या भिंती आणि फरशी आवाज एकमेकींकडे फेकत आहेत. महागड्या फोमच्या चौकटी घेऊ नका. जमिनीवर सतरंजी टाका. स्पीकरच्या बाजूच्या भिंतीवर, जिथे आरसा धरला तर बसल्या जागेवरून स्पीकर दिसेल, तिथे जाड गोधडी टांगा. घरची गोधडी या कामाला फार चांगली, कारण तिच्यात थरावर थर असतात. पुस्तकांचं उघडं कपाटही आवाज विखुरतं.

लोखंडी कपाटाचं दार विशिष्ट सुराला थरथरत असेल, तर फटीत वर्तमानपत्राची घडी खोचा. हे कपाटच आहे हे ओळखणं महत्त्वाचं. ती थरथर स्पीकर फाटल्यासारखीच वाटते आणि लोक नवा स्पीकर बदलायला धावतात.

लॅपटॉपचा चार्जर लावला की ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो. स्पीकर बिघडला का?

बहुतेक नाही. चार्जर काढल्यावर आवाज थांबला, तर लॅपटॉप आणि स्पीकर यांच्या अर्थिंगमध्ये फरक पडून तारेतून नको तो प्रवाह फिरतोय. आपल्याकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असते, म्हणून ही गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झच्या खर्जात असते. आधी दोन्ही गोष्टी एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून बघा. तेवढ्याने न थांबल्यास तारेत मध्ये जोडायचा ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाचा छोटा डबा मिळतो, तो दोन-चारशेत येतो. लॅपटॉपऐवजी फोनवरून ब्लूटूथने वाजवलं तरी गुणगुण जाते.

प्लगची तिसरी, जाड पिन मोडून हा प्रश्न सोडवायचा सल्ला कुणी दिला, तर तो मानू नका. ती पिन शॉकपासून जीव वाचवण्यासाठी आहे. जुन्या इमारतींत खोलीच्या बोर्डालाच अर्थिंग नसतं. घरमालकाला किंवा रेक्टरला सांगून ते आधी तपासून घ्या, स्पीकर नंतर. एक्स्टेन्शन बोर्डही आयएसआय खुणेचाच आणा.

गुणगुण खर्जात नसून बारीक ‘ची-ची’ असेल आणि माउस हलवला की बदलत असेल, तर तो लॅपटॉपच्या आतला गोंगाट. त्यावर यूएसबीला लावायचा छोटा डॅक (डिजिटल गाण्याचं तारेतून जाणाऱ्या आवाजात रूपांतर करणारं यंत्र) हा उपाय.

माझ्या फोनला इयरफोनचं भोकच नाही. तारेने कसं जोडू?

टाइप-सी ते साडेतीन मिलिमीटर जोडणी घ्या, मात्र तिच्यात डॅक आहे असं स्पष्ट लिहिलेलीच. डॅक नसलेल्या स्वस्त जोडण्या बऱ्याच फोनांवर मुक्या राहतात. तिथून पुढे साडेतीन मिलिमीटर ते दोन आरसीए अशी तार, लांबी दीड-दोन मीटर. फोनचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवा आणि कमी-जास्त स्पीकरच्या बटणाने करा. उलट केलं तर सरसर वाढते.

ब्लूटूथने आवाज खराब होतो का?

या किमतीच्या स्पीकरवर आणि या खोलीत, फारसा नाही. ब्लूटूथवर गाणं दाबून पाठवायच्या पद्धतींपैकी साधा एसबीसी प्रकारही नीट चालत असेल, तर गाणं चांगलंच ऐकू येतं. आयफोन एएसी वापरतो, अँड्रॉइडवर बऱ्याच ठिकाणी अॅप्टएक्स किंवा एलडॅक असतं. हे प्रकार फोन आणि स्पीकर दोघांकडे असतील तरच कामाचे. त्यासाठी हजार रुपये जास्त देऊ नका. खेळ खेळताना किंवा स्वतः वाद्य वाजवताना मात्र तारच हवी, ब्लूटूथने आवाज उशिरा पोचतो.

घरी वडिलांचा जुना डेक आणि मोठे स्पीकर पडून आहेत. आणू का?

आणा, पण आधी पुढची जाळी काढून बघा. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या पुष्कळ स्पीकर्समध्ये कोनाच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या शंकूसारख्या पडद्याच्या, कडेला फोमची वळी असते. आपल्या दमट हवेत ती भुगा होऊन पडते. कोन शाबूत असेल, तर नुसती वळी बदलून मिळते. रबराची किंवा कापडाची असेल, तर बहुधा ती अजून चांगलीच निघेल. दुसरी परीक्षा: कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी सारखा धरून अलगद आत दाबा. खरखर जाणवली, तर कोनामागची तारेची कॉइल घासतेय.

सोनोडाइन ही कोलकात्याची स्पीकर कंपनी, तर कॉस्मिक हेही त्या काळातलं आपल्याकडच्या घराघरांत ओळखीचं नाव. असली जोडी घरात असेल आणि आकाराने खोलीत मावत असेल, तर तिच्यावर थोडा खर्च करणं मला नव्या प्लास्टिकच्या संचापेक्षा जास्त योग्य वाटतं. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही अशा जोड्या दिसतात. तिथे वाजवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, वाजवायची सोय नसेल तर घेऊ नका.

जुन्या स्पीकरला अॅम्प्लिफायर कुठला?

टीपीए३११६ चिपचा छोटा तयार अॅम्प्लिफायर पुरतो. त्यावर ‘५० वॅट + ५० वॅट’ लिहिलेलं असतं, पण तेवढी ताकद ४ ओहमच्या स्पीकरला आणि २१ व्होल्टच्या आसपासच्या पुरवठ्यावर मिळते. १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि ८ ओहमचे स्पीकर असतील, तर हिशेबाने प्रत्येकी ९ वॅट येतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आठवत असेल, तर ९ वॅट म्हणजे छोट्या खोलीला भरपूर, हे पटेल. अडॅप्टरमध्ये काटकसर करू नका, बीआयएसची खूण असलेलाच घ्या. गरम होणारा, वास मारणारा अडॅप्टर कॉटखाली लपवून ठेवणं धोक्याचं आहे.

तार जोडताना लाल लालला, काळी काळीला. एका बाजूला उलटी लागली, तर बेस गळून पडतो आणि गायिका मध्ये न राहता खोलीभर पसरते. तार साध्या दोन पदरी विजेची चालते, दोन-तीन मीटरसाठी सोन्याच्या मुलाम्याची गरज नाही.

गावाकडे माठावर स्पीकर ठेवून वाजवतात. ते खरंच चांगलं वाजतं?

वाजतं, आणि त्याला कारण आहे. उघड्या स्पीकरच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना मारतात, म्हणून बेस राहत नाही. माठ मागचा आवाज कोंडून धरतो. गोल असल्याने त्यात चौकोनी डब्यासारख्या समांतर सपाट भिंती नसतात. तोटा असा की माठातल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो आणि तेवढाच घुमत राहतो. आत जुनी कापडं सैलसर भरली तर घुमणं कमी होतं. टाकाऊ कार स्पीकर, दोन सारखे माठ आणि वर सांगितलेला छोटा अॅम्प्लिफायर, असा संच सुट्टीत नक्की करून बघा. एवढ्या कमी खर्चात स्पीकरचं शास्त्र इतकं चांगलं दुसरं काही शिकवत नाही.

साउंडबार?

टीव्हीसाठी ठीक. टेबलावर बसून गाणं ऐकायला नको, डावं-उजवं फारच जवळ येतं.

पावसाळ्यात आणि लाइट गेल्यावर काय काळजी घ्यायची?

रत्नागिरी, मुंबई, गोवा या पट्ट्यात एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) डबे खालून ओल शोषून फुगतात. जमिनीवर ठेवू नका, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका आणि सुट्टीत घरी जाताना कोरड्या कपड्यात गुंडाळून कॉटवर ठेवा. रोज थोडा वेळ वाजत राहिलेला स्पीकर आतून कोरडा राहतो. विदर्भात प्रश्न धुळीचा आणि कूलरचा. कूलरच्या थेट झोतात स्पीकर नको, त्या हवेत पाणी असतं.

इन्व्हर्टरवर वाजवताना घरघर येत असेल, तर तो स्वस्त, चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर आहे. तेवढ्या वेळापुरता स्पीकर बंद ठेवा. वीज येताना झटका बसतो, त्यामुळे लाइट गेल्याबरोबर बटण बंद करायची सवय लावून घ्या.

रेक्टर आणि शेजारी यांचं काय?

वसतिगृहाची नियमावली आधी वाचा, काही ठिकाणी स्पीकरच चालत नाही. कायद्याचं म्हणाल, तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतल्या यंत्राचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाऊ नये. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. शिक्षणसंस्था आणि रुग्णालयांच्या भोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं, तिथे मर्यादा आणखी खाली, दिवसा ५० आणि रात्री ४०.

माझी पद्धत यापेक्षा सोपी आहे. गाणं लावा, दार ओढून घ्या आणि पॅसेजमध्ये जाऊन उभे राहा. शब्द कळत असतील तर कमी करा. पार्टनरची परीक्षा जवळ असेल तर सरळ हेडफोन. गाण्याची आवड असणाऱ्या माणसाने दुसऱ्याची शांतता जपली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

रात्री अगदी हळू लावलं की आवाज पोकळ का वाटतो?

कानाची रचनाच तशी आहे. हळू आवाजात आपल्याला खालचे सूर इतरांच्या मानाने फार कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. म्हणून रात्री बेसचं बटण थोडं वाढवा आणि सकाळी परत मध्यावर आणा. लॅपटॉपवर बारकाईने करायचं असेल, तर विंडोजसाठी ‘इक्वलायझर एपीओ’ फुकट मिळतो. दिवसभर बेस वाढवलेला ठेवू नका. छोट्या स्पीकरचा कोन त्या ओझ्याने मार खातो आणि गळाही गढूळ होतो.

नवे स्पीकर आधी शंभर तास वाजवून ‘मोकळे’ करावे लागतात का?

नाही. बदलतो तो बहुतांशी तुमचा कान, तो नव्या आवाजाला सरावतो. पहिल्या दिवशी कानाला टोचणारा स्पीकर परतीच्या मुदतीत परत करा, मोकळा होण्याची वाट बघत बसू नका.

घरचे म्हणतात, स्पीकर कशाला, हेडफोन घे. खरं आहे का?

अर्धं. एकट्याने अभ्यास करताना, रात्री, बसमध्ये हेडफोनच बरे, आणि त्याच पैशांत आवाजही जास्त चांगला मिळतो. पण चार मित्रांनी एकत्र बसून एक बैठक ऐकणं, गाण्यातली एखादी सुंदर जागा आली की सगळ्यांच्या तोंडून एकदम दाद जाणं, हे स्पीकरवरच होतं. कानांच्या दृष्टीनेही बघा. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा सांगते. हेडफोनवर, विशेषतः बाहेरच्या गोंगाटात, ती नकळत ओलांडली जाते. खोलीत स्पीकर तेवढा वाढवला तर कुणीतरी दार वाजवतंच. घरच्यांना हे सांगून बघा.

कॉलेज संपल्यावर याचं काय करायचं?

खोकं, आतला थर्माकोल आणि जीएसटीचं बिल पहिल्या दिवसापासून कॉटखाली जपून ठेवा. खोकं असलेली जोडी पुढच्या वर्षाच्या मुलांना लगेच विकली जाते, आणि हमीची मुदत शिल्लक असेल तर भावही बरा येतो. एसटीने किंवा रेल्वेने घरी न्यायची असेल, तर मूळ थर्माकोलमध्येच न्या. कोनावर बाहेरून काही दाबलं जाणार नाही, एवढं बघा. तारा स्पीकरपासून सोडवून वेगळ्या पिशवीत भरा, जोडणीची पिन वाटेत वाकली की दुरुस्ती तिथूनच सुरू होते.